भूल दिलेल्या कुत्र्याचा मेंदू बघायला निघालात, तर

परळच्या आमच्या पशुवैद्यकीय कॉलेजातलं कुणी ना कुणी वर्षातून दोन-तीनदा मेसेज करतंच. "ताई, मला ब्रेन इमेजिंगमध्ये जायचंय. आधी पायथन शिकू का?" माझं उत्तर ठरलेलं आहे. पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा शीकच, पण त्याआधी महिनाभर ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये, जा आणि टेबलाच्या डोक्याकडच्या बाजूला उभा राहा. कुत्र्याचा जबडा किती सैल पडलाय, डोळा खाली वळलाय की मध्ये आलाय, हिरडी दाबून सोडली की रंग किती वेळात परततो, हे हाताला कळू दे. पलीकडे थोडी शांतता पसरते. ताईंनी विषय टाळला असं वाटत असावं.

मी विषय टाळत नसते. जर्मन बोलणाऱ्या एका शहरातल्या पशुरुग्णालयात गेली सात वर्षं मी भूल दिलेल्या कुत्र्यांच्या मेंदूतल्या जाळ्यांवर काम करतेय. या सात वर्षांत माझं जे चुकलं, ते बहुतेक सगळं भुलीच्या बाजूला चुकलं. कोडमधली चूक रात्री जागून दुरुस्त करता आली. भुलीतली चूक एकदा झाली की झाली, कारण ते कुत्रं तोवर घरी गेलेलं असतं. हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, म्हणून इथे जरा सविस्तर लिहितेय.

काम नेमकं काय, ते आधी. मेंदूचा एखादा भाग कामाला लागला की तिकडे रक्ताचा ओघ वाढतो, आणि तो गरजेपेक्षा थोडा जास्तच वाढतो. त्यामुळे तिथल्या शिरांमध्ये ऑक्सिजन देऊन रिकामं झालेलं हिमोग्लोबिन कमी होतं. हे रिकामं हिमोग्लोबिन आजूबाजूच्या चुंबकीय क्षेत्रात किंचित गडबड करत असतं. ती कमी झाली की एमआरआयचा सिग्नल किंचित वाढतो. या सिग्नलला बोल्ड म्हणतात. सेइजी ओगावा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० मध्ये प्रयोगशाळेतल्या उंदरांवर तो दाखवला. त्या शोधनिबंधात सिग्नल कशाकशाने बदलला होता, ते नव्या मुलांनी मुद्दाम वाचावं: भुलीच्या औषधांनी, इन्सुलिन देऊन रक्तातली साखर उतरवल्याने, आणि श्वासातले वायू बदलल्याने. म्हणजे आपण ज्या सिग्नलला 'मेंदूचं काम' म्हणतो, तो पहिल्या दिवसापासून भुलीला आणि श्वासाला बांधलेला आहे. मी हा निबंध पहिल्या वर्षी वाचला होता. त्याचा अर्थ मला तिसऱ्या वर्षी कळला.

पुढची पायरी १९९५ सालची. भरत बिस्वाल हे भारतीय वंशाचे संशोधक तेव्हा अमेरिकेत मिल्वॉकीला पीएचडी करत होते. माणूस काहीही न करता नुसता पडून असला, तरी त्याच्या मेंदूत डाव्या आणि उजव्या हाताची हालचाल सांभाळणारे भाग हळूहळू एकत्र वर जातात आणि एकत्र खाली येतात, हे त्यांनी दाखवलं. या लाटा फार संथ असतात. एक लाट दहा सेकंदांपेक्षा जास्त वेळ घेते. तोवर असल्या चढउताराला लोक गोंगाट समजून गाळून टाकत. जे भाग असे बरोबरीने हलतात त्यांचं मिळून एक 'जाळं' मानायचं, ही कल्पना तिथून पुढे फोफावली. २००७ मध्ये भूल दिलेल्या माकडांमध्येही ही जाळी टिकून असल्याचं दिसलं, आणि आमच्यासारख्यांना रस्ता मोकळा झाला. कुत्र्याला 'आता पंजा हलवण्याचा विचार कर' असं सांगता येत नाही, पण नुसतं पडून राहायला त्याला काहीच सांगावं लागत नाही.

इथे हमखास एक प्रश्न येतो. कुत्री जागी असताना स्कॅन करता येतातच की, मग भूल कशाला? येतात, खरंच येतात. अटलांटात ग्रेगरी बर्न्स यांच्या गटाने २०१२ मध्ये ते करून दाखवलं. बुडापेस्टच्या एओटव्होश लोरांड विद्यापीठातली कुत्री तर इतकी तयार केलेली आहेत की स्कॅनरच्या ठणठणाटात हनुवटी टेकवून शांत पडून राहतात. त्या कामाबद्दल मला मनापासून आदर आहे. पण त्यामागे महिनोन् महिन्यांचं शिकवणं असतं, आणि ते जमतं फक्त निवडक स्वभावाच्या कुत्र्यांना. माझ्या दारात येतो तो चार वर्षांचा बॉर्डर कोली, ज्याला महिन्यातून दोनदा फिट येते. त्याला तसाही निदानासाठी एमआरआय लागणार आणि तो भुलीतच होणार. कुत्र्यांमधल्या अपस्माराचा एक मोठा गट असा आहे की साध्या एमआरआयमध्ये मेंदू अगदी निरोगी दिसतो. गाठ नाही, सूज नाही, रचनेत काही बिघाड नाही, तरी कुत्रं झटके देत खाली पडतं. बिघाड रचनेत नसेल तर जोडणीत असेल का, हा आमचा प्रश्न. झुरिकच्या गटाने २०२० मध्ये सेव्होफ्लुरेन या श्वासातून द्यायच्या औषधाच्या भुलीखालची कुत्र्याच्या मेंदूतली जाळी मांडली आणि पुढच्याच वर्षी अपस्माराच्या कुत्र्यांमध्ये पुढच्या भागातल्या एका जाळ्याची आपसातली जोडणी वाढलेली दाखवली. बेल्जियममध्ये गेंटला चिंताग्रस्त कुत्र्यांवर याच धर्तीचं काम झालं. नव्याने येणाऱ्याने या दोन जागांचे निबंध आधी वाचावेत, आणि वाचताना निकालाच्या आधी भुलीचा परिच्छेद वाचावा. कोणतं औषध, किती टक्के, श्वास स्वतःचा की यंत्राचा. हे नीट लिहिलेलं नसेल, तर पुढच्या रंगीत चित्रांवर मी फार वेळ घालवत नाही.

आता प्रत्यक्ष दिवस कसा जातो ते सांगते, कारण पुस्तकात हे सापडत नाही.

सकाळी साडेसातला कुत्रं उपाशीपोटी येतं. तपासणी, पुढच्या पायाच्या शिरेत कॅन्युला, शांत करायला मेथाडोन किंवा ब्युटॉर्फॅनॉलचं इंजेक्शन, मग झोपवायला प्रोपोफॉल. कुत्रं हातात ढिलं पडतं. श्वासनलिकेत नळी घालायची. नळी कोणती, हे आधी बघायचं: आत तारेचं वेटोळं असलेली मजबूत नळी इथे चालत नाही. साध्या नळीच्या फुग्याला हवा भरायची जी छोटी झडप असते, तिच्यातही एक बारीक स्प्रिंग असते. तेवढ्या स्प्रिंगने चित्रात काळा खड्डा पडतो, म्हणून ती झडप नाकाच्याही पुढे ओढून चिकटपट्टीने बसवायची. मानेतली मायक्रोचिपही असाच खड्डा पाडते, पण ती मेंदूपासून लांब असल्याने बहुधा चालून जाते. पट्टा काढायचा. मालकाने प्रेमाने बांधलेली घंटी काढायची. आपल्या खिशातली कात्री, पेन, फोन, सगळं बाहेर ठेवायचं.

या शेवटच्या गोष्टीबद्दल मी कुणाचंच ऐकून घेत नाही. चुंबक चोवीस तास चालू असतो, स्कॅन चालू असो वा नसो. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईतल्या एका रुग्णालयात ऑक्सिजनचं सिलिंडर एमआरआयच्या खोलीत नेलं गेलं आणि ते नेणारा तरुण जिवानिशी गेला. पेपरात बातमी आली तेव्हा मी घरी सुट्टीवर होते. आजही नवीन मूल आलं की पहिल्या दिवशी त्याला हा प्रसंग सांगते, आणि मग स्ट्रेचरची चाकं कोणत्या धातूची आहेत ते त्यालाच तपासायला लावते.

कुत्र्यांसाठी म्हणून बनवलेली कॉइल, म्हणजे डोक्याभोवती बसवून सिग्नल टिपणारा भाग, आमच्याकडे नाही. माणसाच्या गुडघ्याची कॉइल वापरतो. मध्यम आकाराच्या कुत्र्याचं डोकं तिच्यात नेमकं बसतं. कुत्रं पोटावर, पाय मागे-पुढे सरळ, हनुवटी फोमवर, डोकं दोन्ही बाजूंनी समान. डोळ्यांत मलम. कानात फोमचे बोळे आणि वरून मऊ पट्टी, कारण यंत्राचा आवाज शंभर डेसिबलच्या वर जातो आणि भूल दिलेलं कुत्रं कान मिटू शकत नाही. अंगावर बबल रॅप आणि पांघरूण, कारण त्या थंड खोलीत तासाभरात तापमान घसरतं. तारा सरळ ठेवायच्या, वेटोळं होऊ द्यायचं नाही आणि कातडीला चिकटू द्यायच्या नाहीत, नाहीतर भाजतं. जिभेवर नाडीचा चिमटा.

मग दार बंद होतं आणि कुत्रं आपल्या हाताबाहेर जातं. ओटीत आपण पापणीला बोट लावून भूल किती खोल आहे ते बघतो. इथे काचेपलीकडे फक्त आकडे असतात: नाडी, रक्तदाब, बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड, बाहेर पडणारं सेव्होफ्लुरेन. परळला, बैलघोडा हॉस्पिटलच्या आवारात, भटक्या कुत्र्यांच्या नसबंदीच्या वेळी मी जे हाताने शिकले होते, ते इथे आकड्यांत ओळखायचं असतं. ज्याला हाताने माहीत आहे त्यालाच आकडा बोलका होतो, हा माझा अनुभव आहे.

आधी निदानाचे स्कॅन होतात, त्यात कुत्र्याचा फायदा आहे म्हणून ते नेहमी आधी. तोवर तीस-चाळीस मिनिटं जातात, प्रोपोफॉल बऱ्यापैकी उतरलेलं असतं आणि सेव्होफ्लुरेनचा आकडा स्थिर होतो. मग आमची दहा मिनिटं. दर दोन सेकंदांनी पूर्ण मेंदूचं एक चित्र, अशी तीनशे चित्रं. या दहा मिनिटांत कुणीही काहीही बदलायचं नाही. औषधाचा डोस नाही, व्हेंटिलेटरचं बटण नाही, सलाइनचा वेगसुद्धा नाही. कुत्र्याच्या जिवासाठी काही बदलावं लागलं, तर स्कॅन तिथेच सोडायचा आणि वाईट वाटून घ्यायचं नाही.

आता एक नाडी ९३ ची गोष्ट.

पहिल्या वर्षाच्या शेवटी माझ्याकडे सहा कुत्र्यांचे स्कॅन जमले होते. पहिलं विश्लेषण केलं आणि एका कुत्रीच्या मेंदूत, दोन गोलार्धांच्या मधोमध, पुढून मागे जाणारा एक सुंदर पट्टा उजळला. माणसाच्या मेंदूत विश्रांतीचं म्हणून जे जाळं प्रसिद्ध आहे, ते असंच मधल्या रेषेवर असतं. लाटही संथ होती, वीस सेकंदांची, अगदी हवी तशी. मला रात्रभर झोप आली नाही. सकाळी प्रिंट घेऊन मी आमच्या भूलतज्ज्ञ बाईंकडे गेले. त्यांनी चित्राकडे नीट पाहिलंही नाही. एवढंच विचारलं, "हिची नाडी किती होती?"

चार्ट काढला. ९३, ९३, ९२, ९३. दहा मिनिटं जवळजवळ हलली नव्हती.

त्यांनी टेबलावरच्या कागदाच्या मागे हिशोब मांडला. तो जसाच्या तसा देते, कारण या क्षेत्रात यायचं असेल तर हा हिशोब झोपेतून उठवलं तरी यायला हवा. स्कॅनर दर दोन सेकंदांनी एकदा बघतो. मिनिटाला ९३ ठोके म्हणजे दोन सेकंदांत ३.१ ठोके. तीन पूर्ण ठोके होऊन गेले ते स्कॅनरला कळतच नाहीत, त्याला दिसतो तो उरलेला एक दशांश. प्रत्येक चित्रात नाडी आधीच्यापेक्षा एक दशांश ठोका पुढे सरकलेली. दहा चित्रांनी, म्हणजे वीस सेकंदांनी, एक फेरी पुरी. सिनेमात धावत्या टांग्याचं चाक कधीकधी सावकाश, उलटंसुद्धा फिरताना दिसतं ना, तसंच. माझी वीस सेकंदांची संथ लाट म्हणजे त्या कुत्रीच्या हृदयाचे ठोके होते. आणि तो सुंदर पट्टा जिथे होता, तिथे मधल्या रेषेवर मोठ्या रक्तवाहिन्या असतात.

खात्री करायला आम्ही दुसऱ्या कुत्र्याचा चार्ट घेतला. त्याची नाडी ८०. दोन सेकंदांत २.६७ ठोके, त्यातून दिसणारी लाट सहा सेकंदांची. आम्ही दहा सेकंदांपेक्षा संथ लाटांच्या पट्टीत शोधत होतो, ही तिच्या बाहेर. त्या कुत्र्यात पट्टा नव्हताच. मी आधी त्याचा अर्थ 'या कुत्र्यात जाळं कमजोर आहे' असा लावला होता, आणि तसं वहीत लिहूनही ठेवलं होतं.

नाडीची लहर स्कॅनरच्या घड्याळाशी जोडून नोंदलेली असेल, तर तिचा वाटा सिग्नलमधून वजा करता येतो. रेट्रोइकोर नावाची पद्धत २००० सालापासून उपलब्ध आहे. पण आमच्या सहापैकी चार कुत्र्यांची लहर साठवलीच गेली नव्हती. मॉनिटर पडद्यावर दाखवत होता आणि कुणीतरी दर पाच मिनिटांनी आकडा कागदावर लिहीत होतं, इतकंच. ते चारही स्कॅन मला बाजूला ठेवावे लागले. त्यातल्या एका कुत्र्याच्या मालकिणीने सही करताना म्हटलं होतं, "याच्या उपयोगी नाही पडलं तरी दुसऱ्या कुणाच्या तरी पडू दे." तिच्या कुत्र्याला माझ्या नोंदीसाठी पुन्हा भूल देण्याचा प्रश्नच नव्हता. ते मला फार लागलं, अजून लागतं. तेव्हापासून नाडी आणि श्वास या दोन्हींच्या लहरी फाइलमध्ये उतरताना डोळ्यांनी बघितल्याशिवाय मी स्कॅन सुरू करू देत नाही.

श्वासाचाही हाच हिशोब आहे. व्हेंटिलेटर मिनिटाला १२ वर ठेवला तर पाच सेकंदांची लाट येते. ती दोन सेकंदांच्या नजरेला जशी आहे तशी दिसते आणि आमच्या पट्टीबाहेर राहते. कुत्रं स्वतःच मिनिटाला २८ श्वास घेत असेल, तर स्कॅनरला तीस सेकंदांची लाट दिसते, ऐन पट्टीत. शिवाय श्वासागणिक छाती हलते, तसं डोक्याभोवतीचं चुंबकीय क्षेत्रही थोडं हलतं. म्हणून माझा आग्रह यंत्राच्या श्वासाचा. त्यात कार्बन डायऑक्साइडचा दाबही पाऱ्याच्या ३५ ते ४५ मिलिमीटरच्या आत धरून ठेवता येतो. तो वाढला की मेंदूतल्या रक्तवाहिन्या फुलतात आणि बोल्डला खेळायला जागाच उरत नाही. दोन कुत्र्यांची तुलना करताना एकाचा ३६ आणि दुसऱ्याचा ५२ असेल, तर दिसणारा फरक अपस्माराचा की वायूचा, हे सांगता येत नाही.

औषधांबद्दल बोलायचं तर परिपूर्ण औषध नाहीच. सेव्होफ्लुरेन आणि आयसोफ्लुरेन दोन्ही रक्तवाहिन्या सैल करतात. सेव्होफ्लुरेनच्या बाबतीत २.३ टक्क्यांच्या आसपास निम्मी कुत्री दुखवलं तरी हलत नाहीत, असं ढोबळ माप आहे. आधी दुसरी औषधं दिलेली असतील तर बरंच कमी पुरतं. स्कॅनमध्ये दुखण्यासारखं काही नसतं, त्यामुळे हलकं ठेवता येतं आणि ठेवावं. खूप खोल गेलं की मेंदू काही सेकंद पूर्ण गप्प होतो, मग एकदम उसळतो, पुन्हा गप्प. त्या वेळी सगळा मेंदू एकाच तालात हलतो आणि विश्लेषणात 'जोडणी वाढली' असं झोकात दिसतं. माझ्या मते नवखा माणूस सगळ्यात जास्त इथे फसतो, कारण निकाल भरघोस दिसतो. मेडेटोमिडीन घराण्यातली औषधं उलट्या बाजूने त्रास देतात: रक्तवाहिन्या आवळतात, नाडी पन्नासच्या खाली येऊ शकते. आपल्याकडे त्याच घराण्यातलं झायलाझिन वापरलेल्या कुणालाही ही मंद नाडी ओळखीची असेल. अपस्माराच्या कुत्र्यात आणखी एक गुंता असतो. ते झटके रोखायला रोज फेनोबार्बिटल घेत असतं, म्हणजे एमआरआयला येण्यापूर्वीच त्याचा मेंदू एका औषधाखाली असतो. निरोगी कुत्र्यांशी सरळ तुलना करताना ही गोष्ट विसरणारे निबंध मी वाचले आहेत.

डोक्याच्या आकारावर वेगळा लेख होईल, इथे थोडक्यात. कुत्र्याचा मेंदू मोठ्या लिंबाएवढा, वजन बहुधा शंभर ग्रॅमच्या आत. त्याच्यावर कपाळातल्या हवेच्या पोकळ्या आणि जाडजूड चावण्याचे स्नायू. हवा आणि मेंदू जिथे एकमेकांना लागतात, तिथे चित्र ताणलं जातं, आणि नेमका वास घेणारा भाग तिथेच आहे. कुत्र्याच्या मेंदूत ज्याचं सगळ्यांना कुतूहल, तोच भाग सगळ्यात वाकडा येतो. माणसाच्या मेंदूसाठी बनवलेली कवटी वेगळी काढणारी सॉफ्टवेअर्स कुत्र्यावर चालवली की ती स्नायूलाच मेंदू समजतात. मी पहिले सहा महिने हाताने, एकेका कापावर, मेंदूची कड आखली आहे. कंटाळवाणं काम आहे, पण शरीररचना त्यातूनच पाठ झाली. पग आणि कोली यांचे मेंदू एका साच्यात बसवायचा प्रयत्न करू नका. कॉर्नेल विद्यापीठाचा २०२० सालचा नकाशा मध्यम डोक्याच्या कुत्र्यांवरून केलेला आहे, त्याच गटासाठी तो वापरावा. जातीजातींत मेंदूची रचनाच किती वेगळी असते, हे २०१९ मध्ये ३३ जातींच्या ६२ कुत्र्यांवर केलेल्या अभ्यासात दिसलेलंच आहे.

महाराष्ट्रात बसून तयारी काय करता येईल? बरंच काही. माफसूच्या, म्हणजे महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या, कुठल्याही कॉलेजात, परळ असो, शिरवळ असो की उदगीर, सर्जरीच्या विभागात भुलीची कामं रोज चालतात. तिथे स्वतःहून चार्ट लिहायची जबाबदारी घ्या. लोक खुशीने देतील, कारण ते कुणालाच नको असतं. एमव्हीएससीला, म्हणजे पशुवैद्यकाच्या पदव्युत्तर पदवीला, शल्यचिकित्सा आणि क्ष-किरणशास्त्र घेतलंत तर उत्तम, पण औषधशास्त्र किंवा शरीरक्रियाशास्त्र घेतलेली मुलंही या कामात चांगली रुळलेली मी पाहिली आहेत. विश्लेषणासाठी एफएसएल आणि एएफएनआय ही सॉफ्टवेअर्स फुकट मिळतात. कुत्र्याचा डेटा नाही म्हणून अडून बसू नका. माणसांचे विश्रांतीतले स्कॅन हजारोंनी खुले आहेत, आणि ते खुले करण्याच्या २०१० सालच्या मोठ्या उपक्रमात बिस्वाल पुढे होते. त्यातला एक घ्या, नाडी आणि श्वास वजा न करता विश्लेषण करा, मग वजा करून करा, आणि दोन्ही चित्रं शेजारी ठेवून तासभर बघत बसा.

युरोपात यायचं तर प्रयोगासाठी प्राणी हाताळायला इथला मान्यताप्राप्त अभ्यासक्रम करावा लागतो, आपली पदवी असली तरी. रुग्णालयात उपचार करायचे असतील तर पदवीची मान्यता ही वेगळी आणि लांब प्रक्रिया आहे. पीएचडीचा अर्ज करताना दोन्ही गोष्टी एकच समजू नका. निदानाच्या स्कॅनला जोडून घेतलेल्या आमच्या दहा मिनिटांसाठीसुद्धा नीतिसमितीची परवानगी आणि मालकाची लेखी संमती लागते. आणि भाषा शिका. प्रयोगशाळेत इंग्रजीवर निभावतं, पण मालकिणीला तिच्या कुत्र्याला आणखी दहा मिनिटं झोपवून ठेवायचं का, हे मी तिच्या भाषेत विचारते. मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये सुरुवात केली होती. तरीही लोकांचा विश्वास बसला, कारण मी त्या दहा मिनिटांची जोखीम न लपवता सांगत होते.

अर्जात काय लिहावं असं विचारतात. मुलाखतीला बसते तेव्हा मी सॉफ्टवेअरची यादी वरवर बघते आणि एकच गोष्ट विचारते: तुझ्या हातून भुलीत बिघडलेली एक केस सांग, आणि ती तुला किती वाजता कळली ते सांग.

मागच्या महिन्यात आपल्याकडच्या एका मुलीने मला चार्टचा फोटो पाठवला. भटक्या कुत्रीची नसबंदी, पन्नास मिनिटांचं ऑपरेशन. दर पाच मिनिटांनी नाडी, श्वास, हिरडीचा रंग, निळ्या पेनने सुबक लिहिलेलं. पस्तिसाव्या मिनिटाच्या रकान्यात तिने आकडा भरला नव्हता. तिथे लिहिलं होतं, 'बघितलं नाही, टाके धरायला बोलावलं होतं.' मी तिला त्याच रात्री फोन केला.